व्हेट क्लिनिकचा वर्षाचा चेकअप प्लॅन घ्यावा का? आमचा सिंहगड रोडवरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकते, ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचलं तरी चालेल: घ्या. आमच्याकडे एक देशी कुत्रा आहे, बंड्या, ६ वर्षांचा, आणि एक मांजर आहे, ठमी, ती आता ११ वर्षांची झाली, आणि दोघांचाही प्लॅन आम्ही दर वर्षी रिन्यू करतो. क्लिनिकचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण असे प्लॅन आता पुण्यात बऱ्याच ठिकाणी निघालेत आणि मला प्लॅनबद्दलच बोलायचंय, म्हणजे आपलं जनावर ठणठणीत असताना त्याला डॉक्टरकडे नेऊन पैसे घालवायचे का, याबद्दल. सासूबाईंनी पहिल्या वर्षी हेच विचारलं होतं, "अगं त्याला झालंय काय?" आणि प्रश्न अगदी बरोबर आहे, बहुतेक घरांत हाच विचारला जातो.

प्लॅनमध्ये काय येतं तर वर्षातून दोनदा पूर्ण तपासणी, वर्षभराच्या लसी, दर ३ महिन्यांनी जंताचं औषध, एकदा रक्त आणि लघवीची तपासणी, आणि नखं कापून देतात. गोचिडांची गोळी वेगळी, दात साफ करणं वेगळं, त्याचे पैसे प्लॅनमध्ये नाहीत. बंड्याचा आम्हाला साधारण साडेसहा हजाराला पडतो आणि ठमीचा त्याहून थोडा कमी. सगळं सुटं सुटं केलं तर फार काही जास्त जात नाहीत हे मी आधीच सांगते, म्हणजे डिस्काउंट म्हणून घेणार असाल तर तेवढा फरक नाहीये. पण सुटं असलं की होतं काय, लस तेवढी होते आणि रक्ततपासणी राहून जाते, कारण उड्या मारणाऱ्या कुत्र्याचं रक्त कोण काढायला नेतो? पैसे आधीच भरलेले असले की माणूस जातो.

आता तपासणी. मला या क्लिनिकची सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हीच, घाई करत नाहीत. ठमीला नेलं तर डॉक्टर मॅडम तिला बास्केटमधून ओढून काढत नाहीत, बास्केटचे क्लिप सोडून वरचं झाकण उचलून बाजूला ठेवतात आणि ती खालच्या अर्ध्या भागात आपल्याच टॉवेलवर बसलेली असताना तिथेच तपासतात, आणि तोंडाकडे सगळ्यात शेवटी जातात. ठमी घरी पाहुणे आले तरी कपाटावर चढून बसते अशी मांजर आहे, ती इथे फिस्कारतसुद्धा नाही. स्टेथोस्कोप लावून छाती ऐकतात, पोट दोन्ही हातांनी चाचपून किडन्या कुठे आहेत केवढ्या आहेत ते बघतात, गळ्याखाली हात लावून थायरॉइडची गाठ आहे का बघतात कारण म्हाताऱ्या मांजरांमध्ये ती वाढते, मग कान, डोळे, दात. आणि हे सगळं चालू असताना बोलत असतात, काय बघतायत ते सांगतात, आणि मग कॉम्प्युटरवर लिहितात. ते लिहिणं महत्त्वाचं आहे, त्याबद्दल खाली सांगते.

वजन. दर वेळी त्याच काट्यावर, बेबी वजनकाटा असतो तसला. ठमीचं वजन एका वर्षी ४.५ किलो होतं, पुढच्या वेळी ४.३, आणि त्याच्या पुढच्या वेळी ३.९. घरात कोणालाच काही वेगळं दिसलं नव्हतं, ती लांब केसांची आहे, खात होती, खिडकीत बसून कबुतरांवर दात वाजवत होती, रोज बघणाऱ्या डोळ्यांना १०० ग्रॅम कसे कळणार? मॅडमनी स्क्रीन आमच्याकडे फिरवली आणि तिन्ही आकडे दाखवले. म्हणाल्या, ७० किलोच्या माणसाचं ९ किलो वजन न सांगता न ठरवता उतरलं तर तुम्ही काय कराल, तेच आपण हिचं करू. रक्त घेतलं, सोनोग्राफीत बघून सुईने लघवी घेतली, बीपी घेतलं (मांजराचं बीपी घेतात हे मला तेव्हा कळलं, शेपटीला किंवा पायाला इवलासा पट्टा बांधतात). किडनीचा आजार निघाला, स्टेज २.

इथे मॅडमनी जे समजावलं ते प्रत्येक मांजरवाल्यानं ऐकायला पाहिजे असं मला वाटतं. क्रिएटिनिन, जे आपल्या रिपोर्टमध्येही असतं, ते किडनीचं साधारण ७५ टक्के काम गेल्याशिवाय नॉर्मलच्या वर जात नाही. म्हणजे ज्या दिवशी मांजर खाणं सोडतं, उलट्या करतं, एका कोपऱ्यात बसून राहतं, त्या दिवशी आपल्या हातात फार थोडं उरलेलं असतं. एसडीएमए नावाची एक टेस्ट आहे ती त्याच्या आधी वाढते आणि लघवी पातळ व्हायला लागते तेही आधी, पण ते कळायला मांजर बरं दिसत असताना टेस्ट करावी लागते. आणि मांजर दुखणं लपवतं, हा त्या जातीचा स्वभावच आहे. ठमीला फॉस्फरस कमी असलेलं किडनीचं खाणं सुरू केलं, कोरड्या दाण्यांच्या जोडीला ओलं खाणं, घरात तीन ठिकाणी पाण्याचे पसरट वाडगे ठेवले, आणि दर ३ महिन्यांनी वजन आणि रक्त. ती आत्ता ४ किलोच्या आसपास आहे आणि कबुतरं चालू आहेत. हा आजार बरा होत नाही, गेलेली किडनी परत येत नाही, पण लवकर कळला तर मांजर बरीच वर्षं चांगलं जगू शकतं. ही वर्षं मला त्या काट्यामुळे मिळाली असं मी मानते आणि यासाठी मी कितीही वेळा प्लॅनचे पैसे भरेन.

बंड्याची गोष्ट वेगळी. त्याला काहीच होत नव्हतं. दोन-तीन वर्षं सगळे रिपोर्ट स्वच्छ, प्लेटलेट्स दर वेळी ३ लाखांच्या आसपास, आणि आमचे हे दर वेळी म्हणायचे की बघ, हजार रुपये उगाच. मग एका पावसाळ्यात तो जरा मरगळलेला वाटला, खाणं अर्ध्यावर, ताप थोडासा, बाकी काही नाही. रक्त काढलं तर प्लेटलेट्स १ लाख ६० हजार. आता हा आकडा एखाद्या अनोळखी कुत्र्याचा असता तर थोडासा कमी आहे, बघू दोन दिवस, असं कोणीही म्हणालं असतं, कारण लॅबच्या हिशोबात तो अगदी काठावर बसतो. पण मॅडमकडे बंड्याचे जुने आकडे होते, त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या आकड्याच्या निम्म्यावर आला होता, म्हणून त्यांनी त्याच दिवशी टिक फीवरची, म्हणजे गोचिडांच्या तापाची टेस्ट लावली आणि एर्लिकिया (त्या तापाचा एक जंतू) पॉझिटिव्ह आला. २८ दिवस डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक, घरी बसून, एकही सलाइन न लावता बरा झाला. तर स्वच्छ रिपोर्टचे पैसे वाया गेले असं ज्यांना वाटतं त्यांना मला हे सांगायचंय की तो स्वच्छ रिपोर्टच तर कामाला आला, आपल्या कुत्र्याचं नॉर्मल काय हे कुठेतरी लिहिलेलं असलं तरच ॲबनॉर्मल कळतं.

गोचिडांबद्दल थोडं सविस्तर, कारण पुण्या-मुंबईत कुत्रा पाळायचा म्हणजे हा विषय सुटत नाही. तपासताना मॅडम आणि त्यांचे असिस्टंट काका (बंड्याला धरायचं त्यांचं कसब असं आहे की त्याला धरलंय हेच कळत नाही) बोटांच्या मधल्या जागा, कानाच्या आत, शेपटीच्या खाली, गळपट्ट्याखाली बोटं फिरवून बघतात. नंतर वरचा ओठ उचलून हिरडी बोटानं दाबतात, ती पांढरी होते आणि सोडल्यावर २ सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला पाहिजे. हे त्यांनी मलाही करायला शिकवलं, आता मी घरी अधूनमधून बघते, हिरडी फिकट वाटली तर गोचिडांच्या तापाची शंका घ्यायची, खासकरून बबेसिया (गोचिडांतून येणारा दुसरा जंतू) असेल तर, त्यात लाल पेशीच फुटतात. गोचीड कुत्र्यावर दिसते ती थोडीच असते, मादी रक्त पिऊन फुगली की खाली पडते आणि भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे, पडद्याच्या शिवणीत जाऊन हजारो अंडी घालते, म्हणून कुत्र्याला नुसतं धुऊन काही होत नाही. गोळीमुळे गोचीड चावतच नाही असंही नाही, चावल्यावर मरते, त्यामुळे धोका खूप कमी होतो पण शून्य होत नाही, बंड्याला गोळी चालू असतानाच ताप आला होता. नेक्सगार्ड, सिम्परिका महिन्याला एक, ब्राव्हेक्टो १२ आठवडे चालते. गोळी लिहून देण्याआधी मॅडमनी विचारलं, याला कधी फिट आली होती का? कारण या प्रकारच्या गोळ्यांबद्दल अमेरिकेच्या एफडीएनं २०१८ मध्ये सूचना काढलीये, फिट येणाऱ्या कुत्र्यांना जपून द्या म्हणून. मेडिकलवाला हे विचारत नाही, ऑनलाइन मागवलं तर कोणीच विचारत नाही.

आणि दुसरा प्रश्न विचारला, कुत्रा-मांजर एकत्र झोपतात का? आमचे झोपतात. तर कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही औषधांमध्ये परमेथ्रिन असतं आणि ते मांजराला विष आहे, थरथर, फिट, जीवही जातो, मांजरानं औषधानं ओल्या असलेल्या कुत्र्याला नुसतं चाटलं किंवा अंग घासलं तरी. ज्यांच्या घरी दोन्ही आहेत त्यांनी कृपा करून पाकिटावरचं नाव वाचा आणि कुत्र्याचं औषध अर्धं करून मांजराला कधीच लावू नका.

लसीकडे येते. लस देताना मॅडम समोर फ्रिजमधून काढतात, दोन बाटल्या असतात, एकीत तळाला चिकटलेली पांढरी वडी आणि दुसरीत पाणी, ते पाणी सुईनं वडीत सोडून हलवतात, मग देतात, आणि बाटलीवरचं स्टिकर सोलून कार्डावर चिकटवतात, त्यावर बॅच नंबर आणि एक्स्पायरी असते. वडीत डिस्टेंपर, पार्वो वगैरे आजारांच्या लसी असतात आणि ते पाणी नुसतं पाणी नसतं, बऱ्याचदा त्यातच लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची लस असते. हे मी एवढं सांगतेय कारण लस २ ते ८ डिग्रीत राहिली तरच कामाची, पुण्याच्या एप्रिलमध्ये कोणी डिकीत टाकून घरी आणून टोचली तर ती टोचून उपयोग काय? तुमच्या डॉक्टरकडे फ्रिज बघा आणि स्टिकर मागा, चांगला डॉक्टर याचा राग मानत नाही.

दर वर्षी सगळ्या लसी खरंच लागतात का, हा प्रश्न मी सरळ विचारला. उत्तर सरळ मिळालं, म्हणून हे क्लिनिक मला पटतं. वसावा म्हणून जगभरातल्या व्हेट लोकांची संघटना आहे, त्यांच्या गाइडलाइन्सप्रमाणे डिस्टेंपर आणि पार्वोची लस, पिल्लू असतानाचा कोर्स आणि त्यानंतरचा बूस्टर नीट झाला असेल तर, ३ वर्षांतून एकदा पुरते. पण लेप्टोची ताकद जेमतेम वर्षभर राहते, ती दर वर्षी हवीच, आणि रेबीजची आपल्याकडे दर वर्षी देतात. लेप्टो उंदराच्या लघवीतून पसरतो, साचलेल्या पाण्यातून, चिखलातून, आणि माणसालाही होतो, कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बातम्या येतातच. बंड्या पार्किंगमधलं डबक्यातलं पाणी पिणारा कुत्रा आहे आणि पावसाळ्यात आम्ही त्याला गुहागरला नेतो, म्हणून त्याची लेप्टो आम्ही मे महिन्यात उरकतो, जूनची वाट बघत नाही.

पिल्लं आणणाऱ्यांसाठी हे वेगळं लिहितेय. आमच्या मजल्यावरच्या एका घरी ४० दिवसांचं लॅब्रेडॉरचं पिल्लू आणलं, विकणाऱ्यानं कार्ड दिलं होतं, "एक इंजेक्शन झालंय". घरच्यांना वाटलं झालं. पिल्लाला दोन आठवड्यांत पार्वो झाला, रक्ताचे जुलाब, उलट्या, एवढंसं पोर सलाइनवर, वाचलं ते नशीब आणि डॉक्टरांची मेहनत, २० हजारांच्या वर गेले. यात त्या घरातल्यांचा काही दोष नाही, कोणी सांगितलंच नव्हतं. आईच्या दुधातून पिल्लाला जी प्रतिकारशक्ती येते ती पहिल्या काही आठवड्यांत लसीलाच निकामी करते, आणि ती कधी उतरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं, म्हणून ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू करून दर ३-४ आठवड्यांनी डोस द्यायचे आणि शेवटचा डोस १६ आठवड्यांचं झाल्यावरच. मधला एखादा चुकला तर मोकळी खिडकी राहते. तोपर्यंत पिल्लू खाली सोसायटीच्या बागेत सोडायचं नाही, पार्वोचा व्हायरस मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या फिनाइलनं मरत नाही, ब्लीच लागतं.

रेबीजबद्दल काही समजावून सांगायला लागू नये खरं तर. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के कुत्र्यांकडून येतो असं डब्ल्यूएचओ सांगतं आणि एकदा लक्षणं दिसली की माणूस जवळजवळ वाचतच नाही. माझी भाची ६ वर्षांची आहे, बंड्याच्या तोंडात हात घालून चेंडू काढते. हे एक इंजेक्शन मी कुठल्याही परिस्थितीत पुढे ढकलत नाही. शिवाय महापालिकेचं कुत्र्याचं लायसन्स काढायला रेबीजचं सर्टिफिकेट लागतंच.

आता तक्रारी. रविवारी सकाळी जाऊ नका, कुत्री आणि मांजरी एकाच छोट्या हॉलमध्ये बसतात आणि एखादं हस्की ओरडायला लागलं की मांजरांचे हाल होतात, मी बास्केटवर ओढणी टाकून बाहेर जिन्यात बसते, त्यांनी मांजरांसाठी वेगळा कोपरा करायलाच पाहिजे, मी हे दोनदा लिहून दिलंय. रक्त बाहेरच्या लॅबला जातं त्यामुळे रिपोर्ट दुसऱ्या दिवशी, इमर्जन्सीत हे चालणार नाही, रात्रीची सोय तर नाहीच, रात्रीसाठी दुसऱ्या हॉस्पिटलचा नंबर जवळ ठेवा. पार्किंग सिंहगड रोडवर जसं असतं तसं आहे. लसीचा रिमाइंडर व्हॉट्सॲपवर येतो पण जंताच्या औषधाचा येत नाही, तो आपणच मोबाइलमध्ये लावायचा. आणि दातांचं प्लॅनमध्ये घ्यायला हवं होतं, कारण तपासणीत दर वेळी तेच निघतं, टार्टर, म्हणजे दातांवरचा कडक थर. दात साफ करायला भूल द्यावी लागते, म्हणून खर्च जास्त आहे हे समजतं, पण ३ वर्षांच्या पुढच्या बहुतेक कुत्र्या-मांजरांच्या हिरड्या थोड्याफार खराब असतातच, मग निदान सवलत तरी द्या. आम्ही बंड्याला आठवड्यातून तीन-चारदा कुत्र्यांच्या पेस्टनं ब्रश करतो, माणसांची पेस्ट चालत नाही.

ज्यांना साडेसहा हजार एकदम जड जातात (आणि जातात, यात लाजण्यासारखं काही नाही) त्यांच्यासाठी. सरकारी किंवा धर्मादाय पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासणी अगदी कमी पैशात होते, मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल माहितीच असेल, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे त्याचं खरं नाव. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, त्या सुमारास ठिकठिकाणी रेबीज लसीकरणाची फुकट शिबिरं लागतात. तेवढंही जमत नसेल तर वजन तरी महिन्याला करा, मांजराला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि मग आपलं वजा करायचं, आणि कॅलेंडरवर लिहायचं. मादी असेल आणि पिल्लं नको असतील तर ऑपरेशन वेळेत करून घ्या, न केलेल्या कुत्र्यांमध्ये हीट नंतर काही आठवड्यांनी पायोमेट्रा होऊ शकतो, गर्भाशयात पू भरतो, ते ऑपरेशन रात्री-अपरात्री करायची वेळ आली तर कितीतरी महाग आणि धोक्याचं आहे.

जाणार असाल तर अपॉइंटमेंट फोनवर घ्या, मांजरवाल्यांनी मंगळवार-बुधवारची दुपार मागा, तेव्हा हॉल रिकामा असतो. रक्त काढायचं असेल तर ८-१० तास खायला देऊ नका, पाणी चालतं, पण पिल्लू असेल तर आधी विचारा, पिल्लांना एवढा वेळ उपाशी ठेवत नाहीत. आणि जुन्या दवाखान्याचं कार्ड असेल तर फाटकंतुटकं असलं तरी घेऊन जा, त्यावरची स्टिकर बघूनच ते पुढच्या तारखा लावतात.